चाळीस बाय तीस बाय वीस

रोमच्या विमानतळावर विमानात शिरायची रांग लागली होती आणि आमच्या पुढे एक आजी फरशीवर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या असाव्यात. समोर त्यांची निळी बॅग सताड उघडी. शेजारी विमान कंपनीचा तो लोखंडी पिंजरा: बॅग त्यात मावली तर फुकट, नाही मावली तर पैसे. आजींची बॅग चार बोटं वर राहत होती. मग त्या एकेक जिन्नस काढायला लागल्या. एक स्वेटर काढून अंगात घातला, त्यावर दुसरा घातला. टॉवेलात गुंडाळलेली कसलीशी बरणी बाजूला ठेवली. औषधांचा डबा ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले आतले कपडे निघाले, ते त्यांनी पटकन मांडीखाली सरकवले. रांगेतली शंभरेक माणसं दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होती.

नंतर आमचा नंबर. बॅग मावली, पण चाकं अडली. ह्यांनी मुकाट्याने कार्ड काढलं आणि सत्तर युरो भरले. पैशाचं वाईट वाटलंच. पण त्या रात्री डोळ्यांपुढून हलेनात त्या आजी. बाईमाणसाची भरलेली बॅग म्हणजे तिचं कपाट. घरातसुद्धा ते आपण परक्यासमोर उघडत नाही. ही २०२३ मधली गोष्ट. तेव्हापासून मी बॅगेचं वजन आणि माप घरातच, दार लावून, नीट बघते. आपल्या माणसांपैकी कुणावरही फरशीवर बसायची वेळ येऊ नये, एवढंच मनात असतं.

गेल्या वर्षी लेकीचा डब्लिनहून फोन आला. ‘‘आई, ऑक्टोबरमध्ये क्रूझ करू या. बार्सिलोनाहून निघायचं, मार्से, जेनोव्हा, नेपल्स, मेसिना, माल्टा करत परत बार्सिलोना. तुम्ही दोघं, आम्ही दोघं आणि पिल्लू.’’ जहाजाची कल्पना ऐकून हे हरखलेच. मी मात्र पहिला प्रश्न विचारला, ‘‘डब्लिनहून बार्सिलोनाला जायचं कसं?’’ ती म्हणाली, ‘‘स्वस्तातलं विमान आहे ना. तिकीट आपल्या पुणे-नागपूरपेक्षाही कमी पडतंय.’’ आणि मला ती निळी बॅग आठवली.

जहाजाच्या प्रवासात गंमत अशी की जहाजाला तुमच्या सामानाचं काहीच वाटत नाही. आमचं जहाज दीड लाखाहून जास्त ग्रॉस टनांचं. (हे ग्रॉस टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या पोटातल्या जागेचं ते माप आहे. मलाही हे तेव्हाच कळलं.) बंदरावर हमाल बॅग घेतात, संध्याकाळपर्यंत ती खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते. काट्यावर कुणी ठेवत नाही. त्यामुळे क्रूझला जाणारा माणूस मोकळ्या हाताने भरत सुटतो: एक जोड जेवायचा, एक पोहायचा, एक फिरायचा, एक फोटोचा. पण त्या अजस्र जहाजापर्यंत जायची वाट स्वस्त विमानाच्या त्या लोखंडी पिंजऱ्यातून जाते. बॅग जहाजाच्या हिशोबाने भरली की घात झालाच. ती विमानाच्याच हिशोबाने भरायची.

आमच्या विमानात फुकट नेता येणारी बॅग होती ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरची. गुणाकार करून बघा, २४ लिटर होतात. ऑफिसात पाण्याचा तो मोठा जार उलटा लावलेला असतो, तो २० लिटरचा. म्हणजे त्याहून जेमतेम चार तांबे जास्त. त्यात माणसाचा आठवडा बसवायचा. पूर्वी तर हे माप आणखी लहान होतं. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपातल्या बड्या विमान कंपन्यांच्या संघटनेने ४० बाय ३० बाय १५ एवढी बॅग तरी सगळ्या सदस्य कंपन्यांनी फुकट नेऊ द्यायची असं ठरवलं. कुणी त्यापेक्षा थोडं जास्त देतं, कुणी तेवढंच. म्हणून जाताना एका कंपनीचं आणि येताना दुसऱ्या कंपनीचं तिकीट असलं, तर दोघांतलं लहान माप धरायचं.

एवढी कंजुषी का, हे जावयांनी मला कागदावर आकडे मांडून सांगितलं. त्या विमानात १८९ माणसं बसतात आणि डोक्यावरच्या कप्प्यांत चाकांच्या बॅगा मावतात शंभरेक. उरलेल्या ऐनवेळी खाली पोटात टाकायच्या म्हणजे वेळ जातो. आणि विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत त्यांच्याकडे असतात जेमतेम पंचवीस मिनिटं. स्वस्त तिकिटाचं सगळं गणित त्या पंचवीस मिनिटांवर उभं आहे. मला ते पटलं. तरी पाऊल ठेवायलाही पैसे घेतल्यासारखं वाटतं, ते वाटतंच. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये, व्हुएलिंग या स्पॅनिश कंपनीच्या खटल्यात, हातातली वाजवी बॅग हा प्रवासाचा आवश्यकच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे लावता येणार नाहीत, असं म्हटलं होतं. आता वाजवी म्हणजे केवढी, यावरून भांडण. २०२४ च्या नोव्हेंबरात स्पेनच्या सरकारने याच मुद्द्यावर पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांना तो मान्य नाही. त्यांचं काय व्हायचं ते होवो, आपल्याला बॅग आजच भरायची असते.

पुण्याहून डब्लिनला जाताना सामानाची ददात नव्हती, दोघांच्या दोन मोठ्या बॅगा होत्या. तरी काही गोष्टी मी मुद्दाम ठेवल्या नाहीत. बाहेरच्या देशांतून युरोपात दूधदुभत्याचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून घरचं साजूक तूप आणि पेढे राहिले. आणि खोबऱ्याच्या वाट्या. काळा मसाला करायला लेकीला हव्या होत्या, पण सुकं खोबरं विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. त्यातल्या तेलामुळे ते साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकतं. सणासुदीला आपण ज्याने ओटी भरतो ते खोबरं असं यादीत बसलेलं वाचून मी क्षणभर थबकले. मग मसाला पुण्यातच भाजून, कुटून, पुड्या करून नेला.

डब्लिनला पोचल्यावर आठवडाभर बाहेरच्या खोलीत बॅगांचा पसारा होता. लेकीकडे हुकाला लटकवून वजन दाखवणारा छोटा काटा होता, मुठीत मावणारा. आमच्याकडे रद्दी न्यायला येणाऱ्या मामांचा ताणकाटा असतो, तसाच, फक्त आकडे पडद्यावर उमटतात. रद्दीवाले मामा काटा हवेत धरून आपल्याकडे बघतात आणि आपण म्हणतो, ‘‘असू द्या, थोडं इकडे तिकडे.’’ विमानाच्या काउंटरवर ते ‘असू द्या’ नसतं.

पहिलं वजन मी रिकाम्या बॅगेचं केलं. लोक हे कधीच करत नाहीत आणि सगळ्यात जास्त तिथेच फसतात. आमची जुनी टणक बॅग, चाकं आणि दांड्यासकट, नुसती ४ किलो २०० भरली. वीस किलोंतले चार इथेच संपले. जावयांनी माळ्यावरून मऊ कापडाची जुनी बॅग काढली, ती दोन किलोंच्याही आत. दोन किलोंचं घबाड हाती आलं.

मग ठरवलं ते असं. पाच जणांत मिळून एकच वीस किलोची चेक-इन बॅग, आणि प्रत्येकाला चोवीस लिटरची एकेक पाठपिशवी. चेक-इन बॅगेचे पैसे तिकिटाबरोबरच भरले. नंतर भरायला गेलं की वाढतात आणि विमानतळावर तर विचारूच नये. दोघा-तिघांचं वजन एकत्र धरायचं की नाही, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेही लेकीने वाचून ठेवलं. आणि मी आणखी एक धरून बसले: प्रत्येकाचा एक जोड दुसऱ्याच्या पिशवीत, आणि मोठ्या बॅगेत कुणाचंही सगळं नाही. ती बॅग वाटेत कुठे राहिली तर? साध्या सहलीत ती दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येते. इथे जहाज रोज नव्या बंदरात. बॅग मार्सेला पोचेपर्यंत आपण जेनोव्हात, आणि ती जेनोव्हात येईपर्यंत आपण नेपल्सला.

साड्यांचा प्रश्न मी स्वतःच सोडवला, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. जहाजावर दोन संध्याकाळी नटूनथटून जेवायला जायचं असतं. लेक म्हणाली, ‘‘गाऊन घे एखादा.’’ मी म्हटलं, साडीइतकं नटणं दुसऱ्या कशात आहे? काटा घेऊन बसले. काठपदराची रेशमी ७४० ग्रॅम, महेश्वरी ४१०, कोटा २६०. पण साडी एकटी कधीच जात नाही. तिच्याबरोबर परकर जातो, ब्लाउज जातो. सुती परकर २८० ग्रॅम! म्हणून साड्या निवडल्या त्या परकराकडे बघून. एकाच गडद जांभळ्या परकरावर जातील अशा दोन: महेश्वरी आणि कोटा. काळा ब्लाउज दोन्हींवर चालला. अशा रीतीने दोन संध्याकाळी सव्वा किलोच्या आत आटोपल्या. रेशमी साडी परत कपाटात ठेवताना तिच्या काठावरून हात फिरवला, कारण ती आईने दिलेली. पण ती आता मी घरच्या कार्यालाच नेसते.

ह्यांचा कोट अंगावर, बूट पायात. चामडी बुटांचा जोड सव्वा किलोचा, तो बॅगेत कधीच टाकू नये. अंगावरच्या कोटाचं कुणी वजन करत नाही आणि त्याला खिसे चार.

ह्यांना रात्री झोपताना श्वासाचं यंत्र लागतं, सीपॅप. नळी आणि मास्क धरून दोन किलोंच्या घरात जातं. लेक म्हणाली, एवढी जागा कुठून काढायची? मी फोनवर बसून चौकशी केली. औषधोपचाराचं यंत्र असेल, तर बहुतेक कंपन्या ते सामानाच्या मापात धरत नाहीत. डॉक्टरांचं पत्र लागतं आणि आधी कळवावं लागतं. पुण्यातल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र मागवलं. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांना मला हात जोडून सांगायचंय: ते चेक-इन बॅगेत टाकू नका, ते हातात घ्या, आणि त्याच्यासाठी कपडे कमी करू नका. जहाजालाही आधी लिहिलं, तेव्हा त्यांनी यंत्रासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि लांब वायर खोलीत आणून ठेवायचं कबूल केलं. ती वायर आपण घरून न्यायची नसते. एक्स्टेंशन बोर्ड, इस्त्री, पाणी उकळायची किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांना जहाजावर मज्जाव. समुद्रात आगीसारखं भय दुसरं नाही. उदबत्ती मी मुकाट काढून ठेवली, नेहमीच्या पोथीची छोटी प्रत मात्र ठेवली. ती ९० ग्रॅम.

जहाजाकडून काय मिळतं हे आधी कळलं की बॅग आपोआप उतरते. टॉवेल मिळतात, पोहण्याचेही. केस वाळवायचं यंत्र असतं. बाथरूममध्ये एका भिंतीतून ओढून समोरच्या भिंतीला अडकवायची दोरी असते, त्यावर रात्री धुतलेले आतले कपडे सकाळपर्यंत वाळतात. त्यामुळे सात दिवसांचे सात नकोत, तीन पुरे. आणि खोलीच्या भिंती पोलादाच्या! लेकीने चार चुंबकी हूक घेतले होते, साठ ग्रॅममध्ये टोप्या, पिशव्या, ओढण्या टांगायची सोय झाली. आपल्याकडे खुंट्या असायच्या तशी ती भिंत दिसायला लागली.

खाऊचं मात्र मला अवघड गेलं. प्रवासाला निघायचं आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करायच्या नाहीत, हे माझ्या हाताला कळेना. घरचं शिजवलेलं जहाजावर आणू नका असं त्यांचं म्हणणं, बंद पाकिटातलं चालतं. लसणाची कोरडी चटणी एका डबीत, बास. लोणच्याची बरणी जावयांनी हळूच उचलून फ्रिजमध्ये ठेवली. डब्लिनच्या विमानतळावर नवे स्कॅनर बसवल्यापासून, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरपासून, हातातल्या बॅगेत पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरपर्यंतच न्यायची ती जुनी अट राहिलेली नाही. पण परतताना बार्सिलोनाला आहे. जाताना सुटलेली तेलाची बाटली येताना कचऱ्याच्या डब्यात जाणार. आणि लोणचं त्यांच्या लेखी पातळच.

निघायच्या आदल्या रात्री सगळ्या पिशव्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात उतरवून बघितल्या. जावयांनी पट्टीने मोजून, कापून, चिकटपट्टी लावून ते खोकं तयार केलं होतं, चाळीस बाय तीस बाय वीसचं. नात खोक्याशेजारी उभी राहून प्रत्येक पिशवीला ‘पास’ म्हणत होती. तिची स्वतःची पिशवी नापास झाली, कारण आत कापडी हत्ती होता. हत्ती काढून तिने काखोटीला मारला. मुलांच्या काखेतल्या हत्तीचं माप अजून कुणी घेत नाही.

मोठी बॅग भरली १९ किलो ३००. सातशे ग्रॅम मी मुद्दाम मोकळे ठेवले. काटे काट्यांना जुळत नाहीत, आणि येताना काहीतरी वाढतंच.

विमानतळावर आम्हा दोघांना आधी काउंटरवर जावं लागलं. युरोपबाहेरचा पासपोर्ट असला की त्या कंपनीत तेव्हा व्हिसा बघून शिक्का घेतल्याशिवाय पुढे जाता येत नसे, मग बॅग खाली टाकायची असो वा नसो. हे आधी माहीत नसलेली माणसं सुरक्षा तपासणीपर्यंत जाऊन परत पळत येताना मी पाहिली आहेत. काउंटरवरच्या मुलीने पाठपिशव्यांकडे एकदा बघितलं आणि हसून मान हलवली. विमानाच्या दारापाशी तो पिंजरा होताच. आमच्या पुढच्या दोघा-तिघांना थांबवलं. माझ्या पोटात गोळा आला, हात पिशवीच्या बंदावर घट्ट झाला. आम्ही पाचही जण त्याच्या अंगावरून आत गेलो. ह्यांनी कोटाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून मला दाखवली आणि डोळे मिचकावले.

आम्ही एक दिवस आधी गेलो होतो, आणि कुणालाही मी हेच सांगेन. स्वस्त विमान सकाळचं दुपारी निघू शकतं, जहाज कुणासाठी थांबत नाही. दीड हजार किलोमीटरच्या आतलं युरोपातलं विमान कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलं तर नियमाने २५० युरो भरपाई मिळते, पण तेवढ्यात सुटलेलं जहाज परत येत नाही. हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे जीव टांगणीला न लावण्याचे पैसे आहेत.

जहाजावर चढलो तो ३ ऑक्टोबर. पहिल्या दिवशी मोठी बॅग संध्याकाळी उशिरा खोलीशी आली, तोवर पाठपिशवीतल्या औषधांवर आणि एका जोडावर आमचं निभावलं.

६ तारखेला कोजागरी होती. सकाळी नेपल्स. तिथल्या अरुंद गल्लीत लाल मिरच्यांसारखे काहीतरी झुबके टांगलेले पाहून हे थबकले. ते म्हणे कोर्निचेल्लो, दृष्ट लागू नये म्हणून जवळ ठेवायचं लाल शिंग. आपल्या दारावरच्या लिंबू-मिरचीचं सख्खं भावंड! नातीने एक घेतलं, करंगळीएवढं.

रात्री जहाज नेपल्सहून सुटलं. व्हेसुव्हियस ज्वालामुखीची काळी पाठ मागे राहिली आणि पाण्यावर चंद्र इतका स्वच्छ पसरला की दिवे नकोसे झाले. मी पिशवीतून औषधाची जुनी डबी काढली. आत केशर, वेलदोड्याची पूड, जायफळ, बदामाचे काप. डबीसकट ३५ ग्रॅम. हिच्यासाठी मी काहीही काढून ठेवलं असतं. जेवणघरातून जावई गरम दुधाचे पाच कप घेऊन आले, साखरेच्या पुड्या आणल्या. किटली नाही, पातेलं नाही, आटवणं नाही. कपात चिमूट चिमूट घातली आणि चमच्याने ढवळत राहिले. केशर हळूहळू रंग सोडायला लागलं.

लेक कप हातात धरून कठड्याशी उभी राहिली. म्हणाली, ‘‘आई, नऊ वर्षं झाली गं मला हे पिऊन.’’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नातीने विचारलं, ‘‘आज जागायचं का?’’ ह्यांनी तिला सांगितलं, लक्ष्मी फिरत असते, विचारत असते, को जागर्ति, कोण जागं आहे? ‘‘समुद्रात पण?’’ ‘‘समुद्रातूनच तर आली ती.’’

वारा होता, दूध लवकर निवलं. नातीच्या वरच्या ओठावर पिवळी मिशी उमटली. डबी रिकामी झाली तशी तिने ती मागून घेतली, फुंकर मारून साफ केली, आणि त्यात ते लाल शिंग ठेवून झाकण लावलं. बरोब्बर मावलं.